दसऱ्यानंतरचा काळा धूर

“बघा! बघा हा धूर!” ट्रकच्या केबिनमधून कोंडाजी आबा गरजले.

साठ वर्षांचा जुना पेट्रोल ट्रक जागच्या जागी धडधडत होता. चाकणच्या कारखान्यांना लागून असलेल्या आबांच्या आवारात पेट्रोलचा उग्र वास पसरला. फाटकाजवळ चहा पिणारे चार कामगारही वळून पाहू लागले.

“अष्टमीला ह्या नवनाथानं कार्बोरेटर खोलला आन् दसऱ्याच्या मिरवणुकीत गाडीनं माझी लाज काढली! तवापास्नं झाकून ठेवली, आज काढली तर त्योच धूर! आतली पेट्रोल मोजून सोडणारी जुनी पितळी जेटं ह्यानंच चोरली. उद्या सकाळी खोली मोकळी कर!”

मेकॅनिक नवनाथ आवारातल्याच खोलीत राहत असे. “आबा, मी नुसता साफ केला हो,” तो म्हणाला. “एकदा खोलून बघू द्या.”

“हात लावायचा न्हाई!”

दिवाळीच्या सुट्टीचा तो पहिला दिवस होता. आबांची नात तेजस्विनी आणि पिंपळे गुरवहून आलेला तिचा आतेभाऊ निरंजन हा सारा प्रकार पाहत होते.

“मला आबांचं पटतंय,” निरंजन कुजबुजला. “शेवटचा हात नवनाथकाकांचाच होता ना?”

“माझे बाबा चोर आहेत म्हणतोस?” मागून आवाज आला. नवनाथची मुलगी योगिनी तिथेच उभी होती. निरंजनचे कान लाल झाले, पण त्याने शब्द मागे घेतले नाहीत.

“भांडू नका!” तेजस्विनी म्हणाली. “कुणी केलं ते नंतर. आधी नेमकं काय बिघडलंय ते पाहू. आबा, जरा रेस द्या ना!”

आबांनी रेस दिली. इंजिनाचा आवाज एकसारखा झाला आणि धूर विरळ झाला. पाय काढताच पुन्हा तीच धडधड, तोच काळा लोट! तिघांनी हा प्रयोग आबांकडून तीनदा करवून घेतला. परिणाम तिन्ही वेळा तोच दिसला.

“चोक अडकला असेल,” निरंजन म्हणाला.

“तो पूर्ण उघडा आहे, मी पाहिलाय,” योगिनी म्हणाली. “आणि रेसवर गाडी ठीक चालते, म्हणजे मोठं जेट जागेवर आहे. फक्त स्लोला, म्हणजे रेस नसताना, पेट्रोल जास्त जातंय, हवा कमी.”

“मग स्लोचं काही काढलं असेल!” निरंजनचा संशय चिवट होता.

तेजस्विनीने फोन काढला. अष्टमीच्या संध्याकाळी, काम संपल्यावर, तिने ट्रकचा व्हिडिओ घेतला होता. त्यात इंजिन स्लोला शांतपणे चालत होते आणि धुराचा मागमूसही नव्हता.

“म्हणजे काकांनी काम संपवलं तेव्हा ट्रक ठीक होता,” निरंजन सावकाश म्हणाला. “त्यानंतर बोनेट कुणी उघडलं?”

“बाबा तर त्याच रात्री गावी गेले. दसऱ्याला दुपारी परतले,” योगिनी म्हणाली.

“आणि मधल्या दिवशी खंडेनवमी!” तेजस्विनी म्हणाली. “ट्रकची पूजा! ती आबा एकटेच करतात.”

“त्यांना विचारायचं? वेडी आहेस का? उखडतील!” निरंजन म्हणाला.

“विचारायचं नाही. करून दाखवायला सांगायचं!” तेजस्विनी म्हणाली.

इंजिन थंड झाल्यावर तेजस्विनी अत्यंत निरागस चेहऱ्याने आबांकडे गेली. “आबा, शाळेच्या प्रकल्पासाठी यंत्रपूजेची माहिती हवीय. तुम्ही ट्रकची पूजा कशी करता?” प्रकल्पाचा विषय तिने त्याच क्षणी ठरवला होता, एवढे मात्र तिने सांगितले नाही.

आबा खुलले. त्यांनी बोनेट उघडले आणि एअर फिल्टर काढून बाजूला ठेवला. “समदे वरच्या वर फुलं वाहत्यात. आपलं तसं न्हाई! इंजिन श्वास घेतंय ह्या तोंडातनं. म्हणून ह्या वर्षीपास्नं इथं आत चिमूटभर हळद, चिमूटभर कुंकू!”

“आत?” निरंजन ओरडलाच.

“व्हय, आत! देवाला झाकणावरनं टिळा लावत्यात व्हय रं?”

योगिनीने विजेरी पेटवली. कार्बोरेटरच्या तोंडाशी सुईच्या टोकाएवढी दोन पितळी छिद्रे होती. एक चकाकत होते. दुसऱ्यावर पेट्रोलने भिजून वाळलेली लालपिवळी खपली घट्ट बसली होती.

“स्लोच्या हवेचं छिद्र बुजलंय!” ती ओरडली. “बाबा, लवकर या!”

आबांनी वाकून पाहिले. बराच वेळ पाहिले. मग ते बाजूला झाले आणि त्यांनी नवनाथला जागा करून दिली.

निरंजन तार घेऊन धावला. “तार नको रे! छिद्र मोठं होईल,” नवनाथने त्याला अडवले. त्याने कार्बोरेटर उतरवला, खपली पेट्रोलने विरघळवली आणि हवेचा झोत मारला. काजळलेले प्लगही पुसले. तासाभराने इंजिन सुरू झाले. स्लोला, संथ, अजिबात धूर नाही!

सकाळी चहा पिणारे ते चौघे कामगार जेवणाच्या सुट्टीत पुन्हा फाटकापाशी आले होते. आबा ताडताड त्यांच्याकडे गेले. “ऐका रं! सकाळी तुमच्यासमोर मी ह्याला चोर म्हनलो. ह्यानं कायबी चोरलं न्हाई. गाडी मी बिघडवली, माझ्या हातानं!” मग ते वळले. “नवनाथ, खोली सोडायची न्हाई. आन् पोरांनो, शाबास! मी साठ वर्षं गाडी हाकली, पर आज तुमी मला ती बघायला लावली.”

नवनाथने हात पुसले आणि बोनेट लावले.

निरंजन योगिनीजवळ गेला. “मी तुझ्या बाबांवर संशय घेतला. चुकलं माझं.”

“चुकलंच,” ती म्हणाली. “पुढच्या वेळी आधी व्हिडिओ बघ, मग तोंड उघड!”