फोल्डरमधले मोठे आयकॉन

ही गोष्ट माझ्यासोबत घडलीय. विश्वास ठेवा, नका ठेवू. मला कुणाला पटवायचं नाही, फक्त एकदा सांगून टाकायचंय.

गेल्या जानेवारीतला मंगळवार. दुपारची वेळ. अंधेरीच्या एमआयडीसीत आमचं दोन खोल्यांचं ऑफिस. अपघात झालेल्या गाड्यांचा इन्शुरन्ससाठी सर्व्हे करतो आम्ही. माझा मित्र देवेश जागेवर जाऊन फोटो काढायचा आणि मी रिपोर्ट टाइप करायचो.

फोटोंत कधी कधी सीटवर रक्त असायचं. मला ते बघवत नाही. म्हणून मी फोल्डर कायम लिस्टमध्ये ठेवायचो. नुसती नावं दिसायची.

त्या दिवशी ती लिस्ट काही केल्या टिकेना.

लिस्ट लावली, की पुन्हा मोठे आयकॉन, म्हणजे फोटोच समोर. सेटिंगमध्ये जाऊन सगळ्या फोल्डरना तीच लावली. बंद केलं, उघडलं...

मोठे आयकॉन.

कॉम्प्युटर रिस्टार्ट केला. तेच! डोकंच फिरलं माझं. माउस टेबलावर असा आपटला, की त्याचे दोन तुकडे झाले.

तेवढ्यात एसीची घरघर थांबली. बाजूच्या गाळ्यातलं मशीनही थांबलं.

आणि... टिक.

माउस माझ्यासमोर तुटून पडला होता. तरी पुन्हा... टिक.

फोल्डरमध्ये एक फोटो आला. मग दुसरा. मोठे, स्क्रीनभर.

समोरून. मागून. डावीकडून. उजवीकडून. मग नंबर प्लेट. देवेश काढतो अगदी त्याच क्रमाने.

स्कूटर देवेशचीच होती.

डंपरच्या मागच्या चाकाखाली तिचा चेंदामेंदा झाला होता. बाजूला फुटलेलं हेल्मेट. त्यात डोकं होतं...

चेहरा नव्हता.

शर्ट मी ओळखला. सकाळीच त्यावरून त्याला चिडवलं होतं, "काय रे, साखरपुडा आहे काय कुणाचा?"

प्रत्येक फोटोखाली वेळ होती. ३:४२.

घड्याळात ३:४१ झाले होते. देवेश मानखुर्दला सर्व्हेसाठी निघाला होता.

मी त्याला फोन लावला. एक रिंग... दुसरी...

गाडीवर असला तरी तो फोन उचलायचाच. मोबाइल हेल्मेटमध्ये खुपसायचा आणि बोलत सुटायचा. त्यावरून मी त्याला शंभरदा शिव्या घातल्या होत्या. त्या क्षणी मात्र त्याने उचलला म्हणून मला हायसं वाटलं.

"हां, बोल रे!"

"देवेश, गाडी थांबव! बाजूला घे, आत्ताच्या आत्ता!"

"काय? ऐकू नाय येत यार... थांब, मोबाइल सरकतोय..."

मग हॉर्न. लांबलचक.

पत्रा चिरडला. त्याच्या मागोमाग हाडं. तो आवाज मला अजून जेवताना ऐकू येतो आणि मी ताटावरून उठतो.

स्क्रीनकडे पाहिलं तर एकही नवा फोटो नव्हता. लिस्ट व्यवस्थित लागली होती.

ते फोटो मला सावध करत होते, की माझ्याकडून फोन करवून घेत होते? मला आजही कळत नाही. मी बघेपर्यंत त्यांनी लिस्ट लागू दिली नाही, एवढं खरं.

तेराव्याला त्याची बायको जया माझ्याजवळ येऊन बसली. शेवटचा कॉल कुणाचा होता, ते पोलिसांनी तिला सांगितलं होतं.

"भावजी," ती हळूच म्हणाली, "त्या वेळेला एवढं काय अर्जंट होतं?"

मी म्हटलं, "एका फाइलचं विचारायचं होतं."