राईत घेतलेलं नाव

अकोले तालुक्यातल्या घाटमाथ्यावरच्या त्या वाडीत ज्योती लग्न होऊन आली, तेव्हापासून हळदीची गाणी पुढं तीच म्हणायची. जात्यात हळद पडली की बाया आपसूक तिच्याकडं बघायच्या. ती उचलायची, बाकीच्या मागं धरायच्या. मग धाकट्या दिराची बायको आली, मोनिका. वाडीतल्या पहिल्याच हळदीला त्या पोरीनं गाणं उचललं आणि दोघींची सासू आक्काबाई पदरानं डोळे पुसत म्हणाली, "आगं बया, काय गळा हाय!"

ज्योतीच्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं घसा फोडला, तिच्यासाठी म्हातारीचा पदर कधी डोळ्याला लागला नव्हता.

तेव्हापासून तिला मोनिकाचं काहीच बघवेना. तिची भाकरी टम्म फुगली तरी हिच्या पोटात दुखायचं. आणि मेली गुणाची एवढी, की 'ताई, ताई' करत सारखी मागं. भांडायलासुद्धा जागा ठेवायची नाही.

उन्हाळ्यात दोघी देवराईत हिरडा गोळा करायला गेल्या. राई बारमाही हिरवी, भर दुपारी आत गार, कुजक्या पाल्याचा ओला वास. तिथं एक रीत अख्खी वाडी पाळते. राईत माणसाला नावानं हाक मारायची नाही. एकमेकींची चुकामूक झाली तर 'कूऽऽ' करायचं, समोरचीनं 'कूऽऽ' करायचं, संपलं. का, ते कुणी विचारत नाही.

झुडपात एक पाखरू गात होतं. चिमणीएवढं, वाळक्या पाल्यासारखं तपकिरी. बघू म्हटलं तर दिसायचं नाही. मोनिकानं त्याची शीळ जशीच्या तशी उचलली, फक्त शेवट जरा लांबवला. पाखरू गप्प झालं. मग त्यानं तीच शीळ पुन्हा घातली, शेवट लांबवून.

"आगं बाई! ताई, माझंच शिकलं की वो ते!" मोनिका हसत उताराला लागली.

आता पाखरानंही हिचंच शिकायचं? ज्योतीचं डोकंच फिरलं.

"मोनिकाऽऽ!" ती होता नव्हता तेवढा जीव काढून ओरडली. "मोनिका! ए मोनिका!"

राई चिडीचूप झाली. मोनिका वर आली ती पांढरीफटक पडून. तिचे ओठ हलले, पण आवाज काही फुटला नाही.

दवाखाने झाले. गळ्यात काही दोष नाही, असंच सगळे म्हणाले. ज्योती घाबरली होती, हे खरंच. पण खोटं कशाला बोला, तिला गोडही वाटलं.

मग वाडीतल्या छगनच्या लेकीची हळद आली. बाया ज्योतीकडं बघू लागल्या. तिनं गाणं उचललं. गळा कसा लोण्यासारखा चालला, आणि शेवटाला आपोआप लांबला. बायांचे हात जात्यावर थांबले. आक्काबाईचा पदर डोळ्याला लागला. ज्योतीला वाटलं, मिळालं बाई एकदाचं.

"डोळं मिटलं तर माझी मोनिकाच गातीय," म्हातारी म्हणाली. "हुबेहूब."

कोपऱ्यात बसलेल्या मोनिकानं स्वतःच्या गळ्याला हात लावला आणि मान खाली घातली.

घरी आल्यावर ज्योतीनं नवऱ्याला विचारलं, "जेवायला वाढू का?"

राम पाठमोरा बसून दोर वळत होता. वळूनही न बघता तो एकदम हरखून ओरडला, "आरं, मोनिकाला वाचा फुटली! ज्योती कुठं हाय? बोलव तिला."

ज्योतीला पुन्हा तोंड उघडायची भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच राईत गेली. झुडपापुढं हात जोडले.

"तिचं तिला दे. माझं मला दे." तिला ऐकू आला तो मोनिकाचा आवाज.

पाला हलला. ते तपकिरी पाखरू आज पहिल्यांदा उघड्यावर येऊन बसलं. त्यानं गळा फुगवला.

"मोनिकाऽऽ! मोनिका! ए मोनिका!"

आवाज ज्योतीचा होता. अगदी त्या दिवशीचाच, जळता.

आणि ज्योतीनं ओ दिली.