वाळताना दिसणारं वय

वाचनालयासमोरच्या चौकातल्या लढाईच्या दगडाची डागडुजी करायला समितीने शेवटी अक्षरताईलाच बोलावलं. दुसरं होतं तरी कोण? दुकानांच्या पाट्यांपासून कोनशिलांपर्यंत गावात दगडावरचं जवळजवळ प्रत्येक अक्षर एक तर तिच्या हातचं, नाही तर तिच्या अण्णांच्या. हा काळा दगडही अण्णांचाच. परत न आलेल्यांची नावं त्यांनी एका उन्हाळ्यात कोरली आणि प्रत्येक नावापुढे वय कोरायचा हट्ट धरला. नावं लोक विसरतील, पण एकोणीस हा आकडा विसरणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं.

स्वतःच्या मुलाची ओळ मात्र त्यांनी कोरी सोडली. दादा एकविसाव्या वर्षी लढाईवर गेला तो गेलाच. ना तो आला, ना बातमी. बातमी आल्याशिवाय नाव कोरायचं नाही, असं आईने बजावलं होतं. वाट बघता बघता अण्णा गेले, आईची दृष्टी गेली. या खेपेला मात्र आईच म्हणाली, "कोरून टाक गं. मी गेल्यावर हे लोढणं तुझ्या गळ्यात नको."

ताई हो म्हणाली आणि त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

समितीच्या अध्यक्षांचं छत्र्यांचं दुकान. त्यांना अक्षरांत सोनेरी रंग हवा होता. हे स्मारक आहे, लग्नपत्रिका नव्हे, असं ताईने सांगितल्यावर ते जरा फुगले आणि दुकानात परत गेले. ताईने मऊ ब्रशने, नुसत्या पाण्याने दगड धुतला आणि समोरच्या बाकावर बसली. अण्णांची ही रीतच. ओला दगड वाळताना नीट बघायचा; सपाट भाग आधी वाळतो, कोरलेल्या रेघेत पाणी राहतं, आणि झिजून दिसेनासं झालेलं अक्षरही घटकाभर स्पष्ट वाचता येतं.

बाकावर बसल्या बसल्या तिला कारखाना आठवला. कारखाना कसला, पत्र्याची शेड. अण्णा ठोकत, आणि दादा गाल फुगवून अक्षरांतली भुकटी फुंकत असे. मुद्दाम तिच्या तोंडावर. ती रडली की सायकलच्या दांडीवर बसवून याच चौकाला फेऱ्या मारत असे. तसे दिवस पुन्हा आले नाहीत.

दगड वाळत आला. नावं एकेक करून काळी उमटली, मग विरली. सगळ्यात शेवटी, कोऱ्या ओळीत, ओल राहिली.

दादाचं नाव होतं. अण्णांच्या वळणाचं, शेपूट जरा लांब ओढलेलं.

अण्णांनी गुपचूप कोरून पुन्हा बुजवलं असणार, असं तिला आधी वाटलं. तिने भिंगातून पाहिलं, नखाने खरवडलं, छिन्नीच्या दांड्याने ठोकून आवाज ऐकला. कुठे सांधा नाही, भर नाही. अखंड दगड.

तिने परत पाणी मारलं. या वेळी नावापुढचा आकडाही तिने वाचला.

सत्तावन्न.

दगडावरचे बाकी सगळे विशी-पंचविशीतले. दादा आज असता तर मात्र सत्तावन्नचा झाला असता.

ताईने छिन्नी पिशवीत ठेवली. अध्यक्षांना सांगितलं, त्या ओळीत चीर आहे, घाव घातला तर दगड उकलेल. धंद्यात ती पहिल्यांदाच खोटं बोलली. आईला मात्र तिने खरं ते सांगितलं.

"म्हणजे वाढतंय त्याचं वय," आई म्हणाली. "मग नको कोरूस."

त्या दिवसापासून आईला चार घास जास्त जाऊ लागले. दगड दरवर्षी धुवायचं काम ताईने मागून घेतलं, आणि पुढच्या वर्षी आईही काठी टेकत बरोबर आली. दुपारच्या उन्हात दोघी बाकावर बसल्या. नाव उमटलं. अठ्ठावन्न. आईने ओल्या दगडावर हात फिरवला आणि तो तसाच गालाला लावला. घरी जाताना ती चक्क गुणगुणत होती.

त्याच्या पुढच्या वर्षी ताईने दगड धुतला, आईशेजारी बाकावर बसून वाट पाहिली.

अठ्ठावन्न.

तिने पुन्हा पाणी मारलं. डोळे चोळून पाहिलं.

अठ्ठावन्नच.

म्हणजे दादाचं वय थांबलं होतं, बाकीच्यांसारखं. एकोणसाठ म्हणायचं, बस्स, आईला कुठे दिसतंय. पण आईशी खोटं बोलवेना.

"आई," ती शेवटी म्हणाली, "आकडा तोच आहे."

आई हसली. "असणारच की. तू सकाळी ब्रश आणायला शेडवर गेलीस ना, तेव्हाच आला तो. आतल्या खोलीत झोपलाय."

ताईने पुन्हा दगडाकडे पाहिलं.

"चल लवकर," आईने काठी चाचपली. "पाणी तापवायला हवं. अंगाला नुसता ओल्या दगडाचा वास येतोय गं त्याच्या."