आवाजामागची हाक

मेलेल्या पोराचा फोन येतो, ही तक्रार कोणत्या कलमाखाली घ्यायची हे हसनाबाद ठाण्यात कोणालाच सांगता येईना. फौजदार दैवशाला गाडेकरनं पेन खाली ठेवलं.

"परत सांगा मावशी. कोणाचा फोन आला?"

"राजानंदचा. माझ्या लेकाचा." मालनबाई खुर्चीवर बसायला तयार नव्हती. वैशाखाच्या उन्हातून चालत आल्यामुळे तिचा चेहरा रापून गेला होता. "चार दिसांमागं आल्ता, परवा आल्ता, काल बी आल्ता. गळ्यातली चावी पौर्णिमेला विहिरीवरच्या पेटीत ठेव म्हंतो."

"मग तुमची तक्रार काय आहे?"

"तक्रार कशाची? लेकावर कोणी तक्रार करतं व्हय? त्यो कुठून बोलून राह्यला तेवढं काढून द्या. मला तिथं न्या."

दैवशालानं मान खाली घातली. तिच्या स्वतःच्या आईच्या अंगात यायचं, आणि त्या तमाशात तिचं सगळं लहानपण गेलं होतं. भूत हा शब्द कानावर आला तरी तिचं डोकं फिरायचं. पण ही बाई घुमत नव्हती की रडत नव्हती. पत्ता विचारावा तशी विचारत होती.

तसा राजानंद अनोळखी नव्हता. भोकरदनच्या अर्ध्या तालुक्यानं त्याचं तोंड पाहिलं नसेल, पण आवाज ऐकला होता. शेतातली लाईन कधी येईल आणि कधी जाईल याचा नेम नसतो, म्हणून त्यानं विहिरीवरच्या मोटारीसाठी एक सॉफ्टवेअर लिहिलं. लाईन आली की मोटारीच्या पेटीतून शेतकऱ्याला फोन जायचा आणि राजानंदच्या आवाजात निरोप यायचा, "लाईन आली. मोटार सुरू झाली." पुढचा दात तुटलेला असल्यामुळे 'सुरू' म्हणताना त्याची हलकी शीळ वाजायची. गावोगावची पोरं त्या शिळेची नक्कल करत.

सॉफ्टवेअरचं नाव त्यानं 'जागल्या' ठेवलं होतं. आजा गावाचा जागल्या, म्हणजे रात्रीचा पहारेकरी होता आणि त्या नावानं जन्मभर हिणवला गेला होता. नातवानं तेच नाव मुद्दाम उचललं. सगळा कोड त्यानं खुला करून टाकला. कोणीही घ्यावा, वापरावा, बदलावा, पुढे द्यावा. पेट्या बनवणाऱ्या कंपन्यांनी तो फुकट घेतला आणि पेट्या विकून पैसा केला. राजानंदला त्याचं काही वाटलं नाही. मग गेल्या वर्षी तो डेंग्यूनं गेला. आवाज मात्र शिवाराशिवारात रोज बोलत राहिला.

"आणि ही चावी कसली?" दैवशालानं विचारलं.

उत्तर मालनबाईसोबत आलेल्या सुमितनं दिलं. सुमित राजानंदचा दोस्त. त्याच्यामागं जागल्याची दुरुस्ती, लोकांच्या अडचणी सगळं तोच बघायचा.

"दिसायला पेनड्राईव्हसारखी आहे मॅडम. शेतातल्या पेट्यांमध्ये काहीही बदल पाठवायचा तर त्यावर या चावीची खूण लागते. न्हाईतर पेटी तो बदल घेतच न्हाई. दवाखान्यात जाताना राजानंदनं ती मावशीच्या गळ्यात घातली."

"ती कोणाला पाहिजे असेल?"

"ते उघडच आहे. पेट्या बनवणाऱ्या उर्वरा कंपनीला." सुमितचा आवाज चढला. "राजानंदच्या आवाजाचं सगळं रेकॉर्डिंग नेटवर खुलं आहे. त्यावरून पाहिजे ते बोलायला लावता येतं. आता तर लै सोपं झालंय. भूतबित काही न्हाई."

तिसरा फोन मालनबाईच्या पोरीनं, मोनालीनं, रेकॉर्ड करून ठेवला होता. दैवशालानं तो लावला.

"माय..."

तेवढ्या एका शब्दानं तिच्या अंगावर काटा आला. दुपारचे दोन वाजले होते, बाहेर ऊन मी म्हणत होतं, आणि तिला हुडहुडी भरल्यासारखं झालं. "सगळं सांगतो. गळ्यातली चावी काढ. पौर्णिमेला विहिरीवरच्या पेटीत ठेव. मला सुटका मिळंल."

"सुरुवातीचं परत ऐका," मालनबाई हळूच म्हणाली. "त्यो माय म्हंतो ना, त्याच्या मागं."

दैवशालानं कान लावला. त्या पहिल्या शब्दामागं, दूर कुठंतरी, एक बाई लांब सूर काढून हाक मारत होती. शब्द कळत नव्हते.

"तिथं त्याला कुणीतरी जेवायला बोलावून राह्यलंय," मालनबाई म्हणाली. तिच्या तोंडावर समाधान होतं. "बाई हाय. चांगली असंल बिचारी."

"मावशी, तुम्ही भूत मानता?"

"बिलकुल न्हाई. आमच्या सासऱ्यानं छप्पनलाच देवदेव, भूतखेत समदं सोडलं. मी बी पौर्णिमेला वंदना घेते, बास. पण पोराचा आवाज बी मानायचा न्हाई व्हय मंग? पौर्णिमेपस्तोर तुम्ही काढून द्या. न्हाई जमलं तर मी चावी ठेवून देणार. लेकरू सुटका मागून राह्यलं, बाई."

पौर्णिमा परवावर आली होती.

फोन इंटरनेटवरून केलेला होता, नंबर परदेशातला दिसत होता. सायबरवाल्यांनी हात वर केले. दुसऱ्या दिवशी सकाळीच दैवशाला जालन्यात उर्वरा कंपनीच्या ऑफिसात जाऊन बसली. समोर प्रीती नावाची तरुण अधिकारी होती.

"चावी मागितली होती?"

"दोनदा. दोन्ही वेळा त्या नाही म्हणाल्या."

"मग?"

"मग काय मॅडम? कोड खुला आहे. आम्ही त्यातून आमची वेगळी आवृत्ती काढली. आमच्या नव्या पेट्यांना त्यांच्या चावीची गरजच नाही."

"आणि शेतात आधीच बसलेल्या पेट्यांना?"

प्रीतीनं टेबलावरची फाईल सरळ केली. "त्यांना लागते."

"चावी मिळाली तर त्या पेट्यांचं काय करणार?"

"दर महिन्याची वर्गणी सुरू करायचा विचार आहे."

"शेतकऱ्यानं नाही भरली तर मोटार बंद?"

प्रीतीनं ती फाईल बाजूला सारली. दैवशालाला ती मनापासून आवडली नाही, पण नावडतं माणूस गुन्हेगार असतंच असं नाही, हे ती नोकरीत शिकली होती.

"राजानंदच्या आवाजाचं कोणतं रेकॉर्डिंग आहे तुमच्याकडं?"

"नेटवर आहे तेच. पेट्यांमध्ये तेच वाजतं."

तिथून ती राजूर रस्त्यावरच्या वस्तीवर गेली. मालनबाई चुलीपुढं होती. मोनालीनं पाणी दिलं आणि नेटवरचं सगळं रेकॉर्डिंग ऐकवलं. वाक्यामागून वाक्य, प्रत्येक 'स'ला तीच शीळ.

"हे कुठं केलं होतं?"

"जालन्याला, सरकीच्या गोदामात. तिथं लै शांत असतं. पयल्यांदा घरीच केल्तं, सुमितदादा त्याचा माईक आन् लॅपटॉप घेऊन आल्ता. पण ते वाया गेलं. घरात भांड्याचा आवाज, मायचं बोलणं. मंग स्टार्टरची दांडी तोंडावर बसून भाऊचा दात तुटला. ते बरं झाल्यावर गोदामात नवं केलं."

इतक्यात मालनबाईचा फोन वाजला. तिनं घाईनं हात पुसून कानाला लावला. "लाईन आली. मोटार सुरू झाली."

"बरं बाबा," मालनबाई म्हणाली आणि फोन ठेवला.

मोनालीनं आवाज खाली केला. "मोटार कवाच विकली. विहीर कोरडी हाय. पेटी तेवढी ती काढू देत न्हाई."

नसलेली मोटार रोज सुरू होत होती आणि आई रोज 'बरं बाबा' म्हणत होती.

मोनाली शेळीला पाणी दाखवायला बांधाकडं गेली. थोड्या वेळानं मालनबाईनं दारात येऊन हात तोंडाशी धरला आणि लांब सूर काढला, "मोनेऽ, भाकर खाऊन घे गंऽ!"

दैवशालाच्या हातातला पेला तसाच राहिला. मोनाली परत येताच दैवशालानं तिच्याकडून फोन मागून घेतला आणि तो पहिला शब्द पुन्हा पुन्हा ऐकला. मग ती उठली.

पौर्णिमेला दुपारी मालनबाई पांढरं पातळ नेसून विहिरीवर आली. चावी अजून गळ्यात होती. मोनाली होती, सुमित होता. प्रीतीला दैवशालानंच बोलावून घेतलं होतं. कोरड्या विहिरीच्या काठावर लिंबाची सावली होती, तिथं सगळे उभे राहिले.

"मावशी, तुमचा मुलगा कुठून बोलतोय ते सापडलं," दैवशाला म्हणाली. हे सांगणं तिला जड जात होतं. "तो तुमच्याच घरातून बोलतोय."

मालनबाईनं मागं वळून वस्तीकडं पाहिलं.

"सगळे म्हणाले, रेकॉर्डिंग खुलं आहे, कोणीही आवाज बनवील. मलाही पटलं होतं. पण खुल्या रेकॉर्डिंगात प्रत्येक ठिकाणी शीळ आहे. त्यावरून बनवलेला आवाजही शीळच घालणार. फोनवरचा राजानंद 'सगळं सांगतो' म्हणतो, 'सुटका' म्हणतो, आणि शीळ कुठंच नाही. त्याचा दात शाबूत आहे."

"म्हणजे?" प्रीतीनं विचारलं.

"म्हणजे दात तुटायच्या आधीचं रेकॉर्डिंग वापरलंय. ते नेटवर कधी गेलंच नाही, कारण ते वाया गेलं होतं. का वाया गेलं, मोनाली?"

"माय मधीमधी बोलायची म्हणून."

"आता फोनमधली ती हाक. बाकीची वाक्यं यंत्रानं बनवलीत, त्यांच्यामागं कसलाच आवाज नाही. हाक फक्त 'माय' या एका शब्दामागं आहे, कारण तो एकच शब्द राजानंदनं खरोखर उच्चारलेला आहे. दुसऱ्या कोणाला फसवायला नक्कल पुरली असती. आईला फसवायचं तर खराच शब्द लागणार. तो जुन्या रेकॉर्डिंगातून जसाच्या तसा कापून घेतला, आणि मागची हाक त्याच्याबरोबर आली. मावशी, काल तुम्ही मोनालीला जेवायला हाक मारलीत. तोच सूर आहे. आपला आवाज आपल्याला ओळखू येत नाही. ती बाई तुम्हीच आहात."

दैवशाला सुमितकडं वळली.

"ते रेकॉर्डिंग कोणाच्या लॅपटॉपवर होतं?"

सुमित दोन पावलं मागं सरला. दैवशालानं प्रीतीला विचारलं, "तुम्हाला चावी आणून देतो असं कोण म्हणालं होतं?"

"सुमित," प्रीती खालच्या आवाजात म्हणाली. "आम्ही त्याला कंपनीत मोठी जागा देणार होतो. चावी कशी आणणार ते विचारलं नाही."

"विचारायला पाहिजे होतं," दैवशाला म्हणाली. तिला मनस्वी संताप आला होता.

सुमित मटकन खाली बसला. "मी एकटा वढून राह्यलो मॅडम समदं. कुणाची पेटी बंद पडली, कर सुमितला फोन. कंपन्यांनी फुकट घेतलं, गावांनी फुकट घेतलं. राजाला समद्यांनी देव केलं, माझं नाव बी कुणाला ठावं न्हाई. मावशीला खरं सांगून मागितली असती तर दिली नसती. ती पोलिसाकडं जाईल हे ध्यानातच आलं न्हाई. निघाली, तवा संगं आलो, कंपनीवर ढकलावं म्हणून."

"आवाज तुला माहीत होता," दैवशाला म्हणाली. "आईचं काय होईल ते माहीत नव्हतं?"

सोबत आलेल्या हवालदारानं त्याला उठवलं. मालनबाई पुढं झाली तशी दैवशालाला वाटलं, आता ही त्याच्या मुस्काटात देणार. तिनं नुसता त्याचा हात धरला.

"ते पयलं रेकॉर्डिंग पुसलं तर न्हाई ना?"

सुमितनं मानेनं नाही म्हटलं. त्याचे डोळे भरून आले. "समदं हाय मावशी. तुम्ही हाक मारता, त्यो म्हंतो माय आलो, आन् येतच न्हाई."

"पुसू नको."

लॅपटॉप जप्त होणार होता. कोर्टाचं काम संपलं की रेकॉर्डिंग मिळवून देईन, असं दैवशालानं सांगितलं. मालनबाईनं ते ऐकलं की नाही कोण जाणे. ती चावी मुठीत धरून विहिरीच्या काठावर बसली. मग म्हणाली, "म्हंजी तिथं त्याला जेवायला बोलावणारं कुणीच न्हाई."

चोर पकडून आपण या बाईचं काहीतरी हिरावून घेतलं, असं दैवशालाला वाटत राहिलं. ती शेजारी टेकली.

"मावशी, त्या दिवशी मग तो जेवला का? रेकॉर्डिंगच्या दिवशी?"

मालनबाईनं आठवून पाहिलं.

"जेवला," ती म्हणाली. "उशिरा आला, पर जेवला. भाकर थंड झाल्ती. ठेच्यासंगं दोन खाल्ल्या, आन् तिसरी मागितली."