वहिनीचं नाक

जरा जवळ सरका, मला मोठ्यानं बोलायची सवय नाही. शिवाय दादा वरच आहे.

बाईंची गाडी दुपारी आली. त्या वेळी गॅरेजात मी एकटाच असतो. दादा जेवून वरच्या खोलीत आडवा होतो. बाई शाळेत शिकवतात. त्यांच्या म्हाताऱ्या आईला उपचारासाठी रोज मागच्या सीटवर बसवून न्यावं लागतं, आणि गाडीतल्या पेट्रोलच्या वासानं उतरेपर्यंत आईंचं डोकं भणभणून जातं.

"मागच्या वेळी तुमच्या दादांनी आरशाला अत्तराची बाटली टांगून दिली," बाई म्हणाल्या. "आता अत्तराचाही वास येतो आणि पेट्रोलचाही. आई म्हणते, लग्नाला निघाल्यासारखं वाटतं आणि वाटेतच उलटी होते."

मला हसू आलं आणि राग आला. राग जास्त.

"वास कधी येतो? गाडी सुरू करताना?"

"टाकी भरली की. आणि वळणावर."

तेवढ्यात दादा जिन्यावर येऊन उभा राहिला. "संध्याकाळी घेऊन जा, बाई," तो गोड आवाजात म्हणाला. त्या गेल्यावर मला म्हणाला, "बाटली बदल आणि गाडी पूस. बाकी काही उघडत बसू नकोस. हे वास लोकांच्या डोक्यात असतात."

हेच वाक्य तो वहिनीला म्हणाला होता.

तुम्हाला माहीत नसेल. दिवसभर पेट्रोलात हात असले की माणसाचं नाक मरतं. वास आहे की गेला, हे आपलं आपल्याला कळत नाही. म्हणून आम्ही वहिनीला हाक मारायचो. ती ओले हात पुसत जिना उतरायची, मागच्या सीटवर बसायची, दारं-काचा लावून घ्यायची आणि डोळे मिटायची. दोनदा बारीक हुंगायची, मग एक लांब श्वास. "आहे" किंवा "नाही", एवढंच सांगायची. ती कधी चुकली नाही. कधी माझ्याकडे बघून नाक धरायची आणि म्हणायची, "भावजी, गाडी ठीक आहे. तुम्ही आंघोळ करा."

गेल्या वर्षी एका गाडीत बसून ती "आहे" म्हणाली. गिऱ्हाईक फाटकात ताटकळलं होतं. दादा म्हणाला, नाही. ती पुन्हा म्हणाली, आहे. तो चिडून पुढं बसला, "तुझ्या डोक्यात आहे, फिरवून आणतो, मग सांग," म्हणाला आणि त्यानं किल्ली फिरवली. ठिणगी पडली आणि गाडीनं पेट घेतला. दादा त्याच्या दारातून बाहेर पडला. मागच्या दारांना मुलांसाठीची कडी लावलेली होती. ती दारं आतून उघडत नाहीत.

नंतर त्यानं सगळ्यांना सांगितलं, हिनंच पेट्रोलची बाटली आत नेली आणि सांडली. ती बाटली तर तेव्हा बाहेर माझ्या हातात होती. मी तसं बोललो, सगळ्यांसमोर बोललो. आमचे मामा म्हणाले, लहान तोंडी मोठा घास घेऊ नकोस. तिच्या आईवडिलांनी मान खाली घातली आणि ते परत गेले. आजही त्यांना वाटतं, आपल्याच मुलीची चूक.

तर त्या दुपारी मी बाटली बदलली नाही. शटर अर्धं ओढलं आणि गाडी उघडली. इंजिनाचे पाइप पाहिले, कोरडे. मागची सीट काढून पंपाचं झाकण पाहिलं, कोरडं. खाली झोपून टाकीवर हात फिरवला, काही नाही. सीट परत बसवून मी पुढं बसलो, काचा वर केल्या आणि श्वास घेतला. नाक मेलेलं होतं.

"वहिनी असती तर…" मी रागानं म्हणालो. मोठ्यानं नाही, पण म्हणालो.

मागून आवाज आला. दोनदा, बारीक.

मी आरशात पाहिलं. सीट रिकामी होती. पण मधोमध दबलेली होती, कुणी बसलं की दबते तशी.

मग एक लांब श्वास… आणि तो आवाज सरकू लागला. सीटवरून उजवीकडं, दाराच्या कडेनं मागं, चाकाच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत. तिथं तो थांबला. पुन्हा पुन्हा तिथंच हुंगलं जात होतं, उतावीळपणे.

मी चाकामागचं प्लास्टिक उतरवलं. टाकीत पेट्रोल ओततात तिथला रबरी पाइप पट्टीखाली चिरला होता. टाकी भरलेली असली की वळणावर तेवढंच झिरपायचं. मी नवा पाइप घातला, पट्ट्या आवळल्या, टाकी काठोकाठ भरली, सांध्यावर खडूची पूड लावली आणि अंगणात गाडी गोल गोल फिरवली. पूड पांढरीच राहिली.

"काय रे, उघडलंसच ना?" दादा खाली आला होता.

"चीर होती. वहिनीनं दाखवली."

तो हसला. मग मला ढकलून मागच्या सीटवर जाऊन बसला. "दाखव. कुठं आहे ती?" त्यानं दार लावून घेतलं.

काचेतून मला त्याचा चेहरा दिसत होता. आधी हसू गेलं. मग त्यानं मान एका बाजूला वळवली, जसं कुणी फार जवळ आलं की वळवतो. तो दार ढकलायला लागला. मी बाहेरून उघडलं.

"माझी मान…" तो म्हणाला. "माझी मान हुंगत होतं… काहीतरी."

"आणि?"

"म्हणालं… आहे."

बाईंची गाडी गेली. त्यांच्या आईंचं डोकं आता दुखत नाही.

दादा मात्र दिवसभर आंघोळी करतो. साबणानं कातडी सोलवटली आहे. परवा त्यानं मनगट माझ्या नाकाशी धरलं. "वास येतोय का, बघ ना."

"तुझ्या डोक्यात आहे," मी म्हणालो. "तिच्या आईवडिलांकडं जा. खरं काय ते सांग. मग जाईल."

"तिनंच सांडली होती," तो म्हणाला. अजूनही.

आता सकाळी मी त्याला उठवायला जातो तेव्हा त्याची उशी ओली असते. बोट लावलं तर गार लागतं, आणि बघता बघता बोट वाळून जातं. पाणी असं वाळत नाही. दादाला जाग आल्या आल्या सिगारेट लागते, म्हणून मी घरात काडी ठेवत नाही. स्वयंपाकाची शेगडीसुद्धा विजेची आणली.

तरी रोज त्याच्या उशाशी काडेपेटी असते. नवी, न उघडलेली.

तो उठायच्या आत मी ती उचलतो. आजपर्यंत तरी रोज उचलली आहे.