मनोऱ्यावरून मारलेली हाक

लेकीला, सानवीला, चपला घ्यायच्या आणि उजेड आहे तोवर घरी परतायचं, एवढंच रसिकाने ठरवलं होतं. पण मुंबईत वाढलेल्या नणंदेला, रुचिराला, सड्यावरच्या उघड्या कातळावरचा नवा मनोरा बघायचा होता. वरून म्हणे अख्खी रत्नागिरी दिसते.

"रत्नागिरी मी रोज बघते," रसिका म्हणाली.

"वरून कुठं बघितलीस? चल गो वहिनी, म्हातारीसारखी काय करतेस!"

गेल्या. रखवालदार रामाने जिन्याची दोरी सोडली. "तुम्हीच शेवटच्या हां. लवकर उतरा."

रसिकाचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. नवरा, सर्वेश, मासेमारीच्या लाँचवर गेलेला. आज परतायचा, पण फोन लागत नव्हता. समुद्रात रेंज नसते हे तिला ठाऊक होतं, तरी ती पुन्हा पुन्हा नंबर लावत होतीच. त्यात वरचा कठडा एवढा ठेंगणा, की तिने सानवीचा हात सोडलाच नाही. लहान पोरं येणार हे बांधणाऱ्याला दिसलं नाही?

वर वारा भणाणत होता. समुद्र गढूळ तांबडा झालेला. रुचिराने मोबाइल काढला, रसिकाच्या खांद्यावरची पिवळी ओढणी ओढली आणि सानवीच्या हातात दिली.

"सानू, बाबाला बोलाव बघू! हलव, जोरात!"

"बाबा, ये! ये!" पोर ओढणी हलवायला लागली.

रसिका गर्रकन वळली.

"थांबवा ते! आमच्या माहेरी, नाटे गावात, बायका समुद्राकडं पदर कधी हलवतात, ठाऊक आहे? माणूस बुडाला, सापडला नाही, की मग. घरी ये म्हणून. माझा नवरा जिवंत आहे वन्सं! आणि त्याच्याच पोरीकडून त्याला तसली हाक मारायला लावलीत?"

"अगो, साधा व्हिडिओ तर..."

"तुमचा सख्खा भाऊ आहे तो! लाज कशी नाही वाटत?"

तिने ओढणीवर झडप घातली. पण ओढणी सानवीच्या मुठीतून सुटली. वारा समुद्रावरून येत होता... ओढणी मात्र समुद्राकडं गेली. सरळ, कोणी दोरीनं खेचावी तशी.

मग खालून लोखंडी जिना वाजला. थप्... थप्... अनवाणी, जड पावलं. त्यांच्याबरोबर ओल्या जाळ्याचा कुबट वास वर आला.

"कोण आहे?" रसिका ओरडली. "वर लहान मूल आहे, दिसत नाही?"

पावलं थांबली. अगदी वळणापाशी. किती वेळ तरी कोणी वर आलं नाही, की खाली गेलं नाही. शेवटी सानवीला छातीशी कवटाळून रसिका उतरली, मागोमाग रुचिरा. वळणावर कोणी नव्हतं. तिथून खालच्या पायऱ्या मात्र निथळत होत्या.

"वर कोणाला सोडलंत हो?" तिने रामाला फैलावर घेतलं. "पोरीसकट घसरलो असतो!"

"कोणाला नाही ताई. दोरी बांधून इथंच बसलोय." रामाने पायऱ्यांकडं पाहिलं. मग तो दोन पावलं मागं सरला.

घरी येईतो दिवेलागण झाली. रुचिरा मोरीत पाय धुवायला गेली. रसिका चुलीपाशी टेकली आणि फोन वाजला. सर्वेश!

"जेट्टीवर लागलो गो आत्ताच. मासळी उतरवून येतो."

रसिकाला रडूच फुटलं. रडता रडता ती भांडायलाही लागली. "तुमच्या बहिणीला आधी चार शब्द सांगा! काय केलं तिनं आज..."

पडवीत सानवी खुदकन हसली.

"बाबा, किती भिजलास!"

रसिका उठून उभी राहिली. "अहो... तुम्ही कुठं आहात म्हणालात?"

"जेट्टीवर. का गो?"

ती धावली. पडवीत सानवी एकटीच बसली होती. अंगाभोवती पिवळी ओढणी. टोकातून पाणी ठिबकत होतं... टप्... टप्... रसिकाने ती ओरबाडून फेकली, पोरीला उचललं आणि अंधाऱ्या अंगणाकडं तोंड करून किंचाळली,

"कोण आहेस रे तू? ही माझी पोर आहे! हाक तुला नव्हती, ऐकलंस? चालता हो इथून!"

अंगणात काहीच हललं नाही. नुसता तो वास.

सानवीने तिच्या कानाला ओठ लावले.

"आई, ओरडू नको. तो गेला."

"कुठं गेला?"

"पाण्यातल्या बाकीच्यांना आणायला."