बॅनरवरचा बोंबील

दादाच्या पहिल्या वर्षश्राद्धाच्या बॅनरवर ‘नातवंडे मांडीवर खेळवून आपण निघून गेलात’ असं छापून आलं, तेव्हा मी तडक विठ्ठलवाडीचं बॅनर छापणारं दुकान गाठलं. दिपेशदादा सव्वीसचा होता. लग्नसुद्धा झालं नव्हतं.

काउंटरमागे कल्पेश होता. म्हणजे नाव नंतर कळलं. तेव्हा फक्त डोळे दिसले, आणि राग थोडा कमी झाला. माझी चूक.

“सॉरी, दुसऱ्या कुणाच्या आजोबांची चारोळी चिकटली. फाइलमध्ये चौदा आहेत, दुसरी निवडा ना.”

“चौदात माझा दादा नाय.”

“मग... कसा होता, सांगा.”

वर्षभर हे कुणी विचारलंच नव्हतं. घरात त्याचं नावही निघत नसे. आईने एक टिपूस गाळलं नव्हतं. आल्यागेल्याला चहा देत राहायची. तिचं काहीतरी होऊन बसेल, या भीतीने मला झोप लागत नव्हती.

“माझ्या ताटातला बोंबील पळवायचा,” मी म्हणाले, आणि रडले. अनोळखी दुकानात, लॅमिनेशन मशीनशेजारी.

त्याने पाणी दिलं. मग मी सांगत गेले, तो ओळी जुळवत गेला —

*ताटातला बोंबील आता कुणी पळवत नाही, दादा.*
*भांडायला माणूस नाही, जेवण लवकर उरकतं.*

रविवारी बॅनर बांधायला तो स्वतः मोरिवलीला, आमच्या नाक्यावर आला. काका भडकले. “श्राद्धाला बोंबील? लोक हसतील! उतरव तो.”

कल्पेश शिडीवरच थांबला. माझ्याकडे बघत... मी आईकडे.

आईने हळूहळू वाचलं. “माज्या ताटातला पन पलवाचा गो!” म्हणत ती हसली. हसता हसता खाली बसली आणि मोठ्याने रडू लागली. वर्षभराचं रडली. काकांनी पुढे होऊन शिडी धरली. मी तिला घट्ट धरून बसले. मला फार हलकं वाटलं.

निघताना कल्पेश शिडी उचलेना.

“परत कधी येणार दुकानात?”

“आता आमच्याकडे कुणी मरायचं नाय. कशाला येऊ?”

तो कानापर्यंत लाल झाला. “मला... भेटायला ये.”

भावाच्या श्राद्धाला, भर नाक्यावर, असं कुणी विचारतं का? पण मी हो म्हणाले.